सेफ्टीचा टेक

कप्तान अभय शनीच्या कड्यांमधून यान हाकत होता, तेव्हा त्याच्या नाकात मळीचा वास भरला होता.

त्याला इलाज नव्हता. यान उभं होतं ते नीरेकाठच्या एका बंद पडलेल्या साखर कारखान्याच्या गोदामात. शेवटचा गळीत हंगाम होऊन जमाना झाला, पण गोदामाच्या भिंतींनी मळी अशी काही पिऊन ठेवली होती की उन्हं चढली की वास सुटायचा आणि गांधीलमाश्या थेट नियंत्रण कक्षात शिरायच्या. अदृश्य शत्रूंनी यानावर हल्ला केला तो भाग महाराष्ट्रभर गाजला. त्यातला निम्मा आरडाओरडा अस्सल होता.

मालिकेचं नाव ‘शनीपल्याड’. कप्तान अभय म्हणजे इंद्रजित खलाटे, मुक्काम याच तालुक्यातला. नावात शनी आहे हे कळल्यावर इंद्रजितच्या आईने, शालनबाईंनी, कपाळावर हात मारून घेतला होता. “दुसरा कुठला ग्रह गावला न्हाई का रं तुमास्नी?” असं म्हणून त्यांनी शनिवारी मारुतीला तेल घालायला सुरुवात केली, ती अजून चालू होती. तेल पावलं म्हणायचं. मालिका तीन वर्षं पहिल्या नंबरावर होती.

त्या दिवशी शॉट चालू असताना इंद्रजितच्या मानेला गांधीलमाशी डसली. तो थांबला नाही, संवाद पुरा केला. ‘कट’ झाल्यावर फिरोज मुजावर धावत आला आणि त्याने स्वतःच्या तंबाखूच्या डबीतला चुना डंखावर लावला.

“दुखतंय का?”

“दुखतंय,” इंद्रजित म्हणाला. आणि ते खरं होतं. दुखत होतं, पण त्याचा वैताग येत नव्हता. माशीचा राग नाही, फिरोजच्या धावत येण्याचं कौतुक नाही. दुखणं आपलं मानेवर बसून होतं, परक्या गावच्या पाहुण्यासारखं.

फिरोज हा सेटवरचा पट्टीदादा. लाइट सांभाळतो तो लाइटदादा, चहा-पाणी बघतो तो स्पॉटदादा, तसा पट्टी सांभाळतो तो पट्टीदादा. आणि पट्टी काय हे सांगितल्याशिवाय ही गोष्ट पुढे जाणार नाही.

टीव्ही मालिका मरायला टेकल्या होत्या. लोक मोबाइलवर पंधरा सेकंद हसायचे, पंधरा सेकंद हळहळायचे आणि झोपायचे. रोज अर्धा तास एकाच कुटुंबाची भांडणं बघायला कुणाला सवड नव्हती. मग पट्टी आली. कंपनीने ठेवलेलं नाव लांबलचक होतं, ते कुणाच्या तोंडी बसलं नाही. विज्ञान मात्र तसं सरळ होतं. माणसाला आनंद होतो, भीती वाटते, गलबलून येतं, ते नुसतं मनात होत नाही. मेंदूच्या तळाशी बदामाएवढी एक गाठ असते, ती आधी चाळवते. मग मेंदूपासून पार पोटापर्यंत उतरणाऱ्या एका लांब मज्जातंतूतून निरोप जातात. छाती भरून येते, घसा दाटतो, पोटात गोळा येतो. दरेक भावनेची या निरोपांची आपली एक चाल असते. नटाच्या कपाळावर आणि कानांमागे बसवलेली पट्टी ती चाल टिपून घ्यायची. घरी प्रेक्षकाच्या कानामागे असलेली पट्टी त्याच तंतूला हलकेच डिवचून तीच चाल त्याच्या अंगात उठवायची. चित्र नाही, आठवण नाही, कारण नाही. नुसतं वाटणं. कप्तान अभयला गलबलून आलं की सोलापुरात आणि सावंतवाडीत एकाच वेळी घसे दाटायचे.

अडचण एकच होती. पट्टीला अभिनय कळत नसे. कितीही कसलेला नट डोळ्यांत पाणी आणो, आत काही होत नसेल तर फिरोजच्या पडद्यावरची रेघ आडवी पडून राहायची. म्हणून नटाला खरंच काहीतरी वाटावं लागे, आणि वाटावं म्हणून आयुष्यातलं काहीतरी आठवावं लागे.

आता आठवण म्हणजे काही तिजोरीतला दागिना नव्हे, की काढला, मिरवला, परत ठेवला. ती असते ट्रंकेतल्या पैठणीसारखी. काढली की घडी मोडते, आणि आत ठेवताना मेंदू तिची नव्याने घडी घालतो. या कामाला काही तास लागतात आणि तेवढा वेळ घडी उघडी असते. इथे पट्टी घोटाळा करायची. नटाच्या तंतूतला बारीक निरोप नीट ऐकू यावा म्हणून ती स्वतःचा एक क्षीण विद्युतप्रवाह सोडत असे. आठवण एकदाच काढली तर फारसं बिघडायचं नाही, झोपेत मेंदू बहुतेक सगळं सावरून घ्यायचा. पण घडी उघडी असताना तीच आठवण पट्टीखाली पुन्हा काढली, की आठवण आत जायची आणि वाटणं बाहेर राहायचं. चित्र शाबूत, आवाज शाबूत, वाससुद्धा शाबूत. फक्त त्याने पूर्वी जे काही व्हायचं, ते व्हायचं नाही. आणि अशा बऱ्याच आठवणी रिकाम्या झाल्या, की नव्या गोष्टींनीही फारसं काही वाटेनासं व्हायचं.

करारात याला ‘तात्पुरता भावनिक थकवा’ म्हटलं होतं. नट मंडळी आपसांत म्हणायची, एका आठवणीला एक दिवस, एक टेक. पथ्य साधं होतं. पण रोज एक भाग चॅनलच्या पदरात टाकायचा असताना पथ्य पाळतो कोण? एक टेक चांगला झाला की दिग्दर्शक म्हणणारच, “छान! अजून एक घेऊ, सेफ्टीसाठी.” आवाजात काही बिघाड निघाला, दिवा लुकलुकला, तर हाताशी असावा म्हणून घेतात तो सेफ्टीचा टेक. ही पद्धत पट्टीच्या आधीची, पार जुन्या काळापासूनची. आणि सेफ्टी द्यायला कुरकुर करतो तो नट डोक्यात हवा गेलेला, हाही नियम तितकाच जुना.

इंद्रजितच्या डोक्यात कधी हवा गेली नाही. “खलाटे नाही म्हणत नाही,” अशी त्याची ख्याती होती आणि त्याच ख्यातीवर त्याला कप्तानपद मिळालं होतं. तीन वर्षांत त्याने आजोबांचं जाणं वापरलं, मेलेला कुत्रा वापरला, पुण्यातल्या मृण्मयीने दिलेला नकार वापरला. तिचं तर पुढे लग्न झालं, ते दुःखही एका भागात खपून गेलं. पहिलं बक्षीस, मित्राचा अपघात, समुद्र पहिल्यांदा पाहिला तो दिवस. सगळं वापरलं, आणि प्रत्येकाचा एकेक सेफ्टी टेक दिला. त्याची त्याला खंत होती का? नव्हती. तीच तर गोम होती.

*

रविवारी तो घरी जेवायला गेला. घराच्या पुढच्या खोलीवर अजून पाटी होती, ‘डॉ. मानसिंग खलाटे व चिरंजीव, पशुवैद्यक’. इंद्रजित आठवीत असताना वडिलांनी, नानांनी, ती हौसेने रंगवून घेतली होती. पुढे चिरंजीव पुण्याला नाटकं करायला गेले. नाना काही बोलले नाहीत आणि त्यांनी पाटीही काढली नाही. बोलले असते तर भांडता तरी आलं असतं. आता नानांच्या हातांना कंप सुटला होता, दवाखाना बंद होता, पण पाटी होती.

आत आई टीव्हीपुढे बसली होती. कानामागे पट्टी, डोळ्यांना पदर. जुना भाग पुन्हा दाखवत होते. कप्तान अभय तापाने फणफणला आहे आणि यानातला यंत्रमानव त्याला पाणी पाजतो आहे. तो प्रसंग करताना इंद्रजितने लहानपणचं एक दुखणं आठवलं होतं. विषमज्वरात आईने त्याला मांडीवर घेऊन चमच्याचमच्याने पेज पाजली होती, ते. आईला हे त्याने कधी सांगितलं नव्हतं.

“ह्ये माझ्यासाठी हाय,” शालनबाई त्याच्याकडे न बघता म्हणाल्या. “त्या यंत्राला कोण असं जीव लावतंय? मला कळतं ह्ये कुणासाठी हाय ते.”

“हो आई.”

“मग समोर आलास की असा का रं बसतोस? परक्यावानी?”

“दमतो गं.”

आईने त्याच्याकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं, आणि मग पुन्हा टीव्हीकडे वळली. तिकडे तिचा मुलगा होता. इंद्रजितने स्वतःच ताट वाढून घेतलं. वांग्याचं भरीत होतं, लहानपणी तो त्यासाठी भांडायचा. चव कळत होती.

नाना समोर बसून भाकरी कुस्करत होते. हात थरथरायचा म्हणून ते हल्ली कुस्करूनच खात.

“नाना, तुम्ही नाही लावत पट्टी?” काहीतरी बोलायचं म्हणून इंद्रजितने विचारलं.

“उसनी पोटदुखी कशाला पाहिजे मला?” नाना म्हणाले. “माझी मला हाय तेवढी पुरं.”

जेवण झाल्यावर ओसरीवर लोक जमले. चुलतभावाला पोराला मालिकेत चिकटवायचं होतं, सरपंचांना यात्रेत कप्तानाच्या पोशाखात मिरवणूक हवी होती, मावशीने एक स्थळ आणलं होतं आणि मुलीचा फोटोही. इंद्रजित सगळ्यांना ‘बघू’ म्हणाला. फोटोतली मुलगी चांगली होती. मागची पण चांगली होती.

*

एक आठवण मात्र त्याने कधी काढली नव्हती. पट्टीखाली तर नाहीच, एकटा असतानाही नाही. झिजेल या धाकाने त्याने तिच्याकडे वळून पाहायचंही टाळलं होतं.

तो अकरा वर्षांचा होता. मे महिन्याची सुट्टी. नाना त्याला मोटारसायकलवर बसवून एका वस्तीवर घेऊन गेले होते. म्हैस सकाळपासून अडली होती. रेडकाचा पुढचा पाय आत दुमडला होता. नाना शेणामुतात पोटावर आडवे झाले, खांद्यापर्यंत हात आत घातला, पाय सरळ केला, दोरी बांधली आणि दोरीचं दुसरं टोक इंद्रजितच्या हातात दिलं. “ओढ. पण ती कळ देईल तवाच ओढायचं.” त्याने ओढलं. रेडकू बाहेर आलं ते ओल्या पोत्यासारखं पडलं. श्वास नाही. नानांनी त्याचं तोंड पुसलं, वैरणीची एक काडी उचलली आणि नाकपुडीत फिरवली. काही नाही. पुन्हा फिरवली.

रेडकू शिंकलं.

आणि नाना हसले. इंद्रजितने त्यांना असं हसताना आधी पाहिलं नव्हतं, नंतरही नाही. चिकट, रक्ताने भरलेल्या दोन्ही हातांत त्यांनी त्याचा चेहरा धरला आणि म्हणाले, “आपण आणलं ह्याला. तू न् मी.”

बस, एवढंच. पण तीन वर्षं सगळं रिकामं होत गेलं तरी खाली ते शाबूत आहे, हे त्याला माहीत होतं.

*

पहिल्या पर्वाचा शेवटचा भाग आला. शनीच्या एका चंद्रावर बर्फाखाली समुद्र आहे. त्या समुद्राचं पाणी यानात आणलं आहे, आणि टाकीतल्या पाण्यात काहीतरी हलतं. माणसाने पाहिलेला पहिला परका जीव. कप्तान अभय ते पाहतो. संवाद एकही नाही. नुसता आनंद.

“दुःख आपल्याकडे पोत्याने आहे रे,” दिग्दर्शिका अनघा टिपणीस म्हणाली. ती मालिकेच्या पहिल्या दिवसापासूनची, माणूस वाईट नव्हती. “आनंद नाहीये. तालमीला तू काय काय काढलंस ते फिरोजने दाखवलं मला. सगळ्या रेघा आडव्या.”

“हो.”

“चॅनल म्हणतंय, लातूरचा एक मुलगा आहे. नवा आहे, भरलेला आहे. चेहरा तुझा, वाटणं त्याचं. पण मग दुसरं पर्व त्यालाच देतील, तुला कळतंय ना? तुझ्या आईने तर गावभर सांगून ठेवलंय.”

काम जाईल याची भीती इंद्रजितला वाटली नाही. आईचा चेहरा पडेल हे डोळ्यांपुढे आलं, तेही नुसतंच आलं. पण एक विचार मात्र डोक्यातून हलेना. ती आठवण काढली तर त्याला काहीतरी वाटेल. कितीतरी दिवसांनी वाटेल. एकदाच काढायची, रात्री झोपायचं, सकाळी ती होती तशी जागेवर. हिशेब बरोबर होता.

“माझ्याकडे एक आहे,” तो म्हणाला. “पण अनघाताई, एकच टेक. दुसरा मागायचा नाही.”

“शब्द,” अनघा म्हणाली आणि तिने गळ्याला हात लावला.

त्या दिवशी गोदामात पंखेसुद्धा बंद केले होते. टाकीत मागून कुणीतरी नायलॉनच्या धाग्याने एक जिलेटिनचा गोळा हलवणार होता. फिरोजने पट्टी बसवली. “अॅक्शन” झालं. इंद्रजित टाकीपाशी गेला, पाण्यात वाकून पाहिलं आणि त्याने इतकी वर्षं बंद ठेवलेलं दार उघडलं.

शेणाचा वास आला. दोरी हाताला काचली. मग काडी, मग ती शिंक, आणि त्याच्या अंगात काहीतरी एकदम उसळून आलं. तो हसत होता. त्याला वाटत होतं! छातीत, गळ्यात, बोटांच्या टोकांपर्यंत वाटत होतं. आपण केवढं हरवून बसलो होतो तेही त्याच क्षणी त्याला कळलं, आणि तरी हसू थांबेना. टाकीच्या काचेत त्याचा चेहरा अकरा वर्षांच्या पोरासारखा दिसत होता.

“कट!”

स्पॉटदादा हातात चहाची किटली घेऊन तसाच उभा होता आणि त्याचे गाल ओले होते. फिरोजने पडद्यावरून मान वर केली. “बाप रे,” एवढंच म्हणाला. मग टाळ्या सुरू झाल्या. अनघा डोळे पुसत, हसत पुढे आली. इतक्या वर्षांची सवय जिभेवर बसलेली.

“कमाल! कमाल केलीस. अजून एक घेऊ या, सेफ्टीसाठी.”

आणि इंद्रजित म्हणाला, “चालेल.”

दोघांपैकी कुणीही थांबलं नाही. लाइटदादाने दिवा सारखा केला, धागा पुन्हा मागे ओढला गेला, फिरोजचा हात कळीवर गेला. हजारदा झालेली गोष्ट होती. “अॅक्शन.” इंद्रजित टाकीपाशी गेला, वाकला, दार उघडलं. शेण, दोरी, काडी. रेडकू शिंकलं तेव्हा उसळी आली, पण अर्ध्यात. आणि नानांनी त्याचा चेहरा हातात धरला तोवर त्याला समजलं की आपण काय करतो आहोत. तो मागे फिरू पाहत होता, पण आठवण काही अर्ध्या वाटेवर थांबत नाही. नाना म्हणाले, “तू न् मी.” ओठ हलले, शब्द ऐकू आले.

फिरोजच्या पडद्यावरची रेघ हळूहळू उतरली आणि आडवी झाली.

“कट,” अनघा म्हणाली. मग तिचा हात तोंडावर गेला. “इंद्रजित. अरे... मी तुला...”

“राहू दे, अनघाताई.”

“मला आठवायला हवं होतं रे!”

“मलाही हवं होतं.”

त्याला तिचा राग आला नव्हता. आला असता तर बरं झालं असतं, निदान काहीतरी आलं असतं. त्याने पोशाख उतरवला, हात धुतले, गाडीत बसला. सकाळी दात घासताना आरशापुढे त्याने घाबरत घाबरत, म्हणजे घाबरायला हवं हे जाणून, ती आठवण काढून पाहिली. सगळं जागच्या जागी होतं. रेडकू शिंकलं. नाना हसले. बरं.

सेफ्टीचा टेक कुणी उघडूनसुद्धा पाहिला नाही. पहिलाच इतका छान होता की दुसऱ्याची गरज पडली नाही. जागा अडवतो म्हणून संकलनाच्या वेळी तो पुसून टाकला.

*

शेवटचा भाग लागला त्या संध्याकाळी म्हणे लोक घराबाहेर येऊन एकमेकांकडे बघून हसत होते. अबोला धरलेल्या जावा बोलल्या, दवाखान्यातल्या म्हाताऱ्यांनी जेवण मागून घेतलं. वर्तमानपत्रांनी अग्रलेख लिहिले. शालनबाईंनी आळीभर पेढे वाटले. दुसऱ्या पर्वाच्या करारावर इंद्रजितने सही केली. कुठे करायची ते त्यांनी बोट ठेवून दाखवलं, तिथे केली.

दोन दिवसांनी सकाळी सेटवर गलका झाला. नाना आले होते. इस्त्रीचा शर्ट, डोक्यावर टोपी, गावातल्या कुणाच्या तरी जीपमधून. मालिका सुरू झाल्यापासून ते इथे एकदाही आले नव्हते. फिरोजने त्यांना आदराने नेऊन बसवलं ते कप्तानाच्या खुर्चीत, कारण गोदामात धड खुर्ची तेवढी एकच होती.

“तुझ्या आईनं पट्टी लावली मला,” नाना म्हणाले. दम लागला होता, पण थांबायला तयार नव्हते. “म्हटली, एवढा शेवटचा बघा. म्हटलं लाव, कटकट नको. आन त्ये पाण्यातलं जनावर हाललं ना... इंदर, मी सटकन उठून उभा ऱ्हायलो! म्हटलं, ह्ये तर माझं हाय! रेडकू शिंकल्यावर हुतं ना, त्ये. हात गेल्यापासनं झालं न्हवतं मला. म्हटलं ह्या लोकांनी कुठनं आणलं?” त्यांनी थरथरता हात त्याच्या गुडघ्यावर ठेवला. “मग ध्यानात आलं, माझं न्हाई, तुझं हाय. वस्तीवरची म्हस अडली हुती. तू दोरी धरली हुतीस. तुला याद हाय?”

“आहे नाना.”

“मला वाटायचं तू इसारलास. तुला ह्यातलं कायच नगं हुतं, आसं वाटायचं मला. आन तू त्ये एवढं जपून ठिवलंस!”

याच वाक्यासाठी इंद्रजितने उभं तारुण्य काढलं होतं. आता ते समोर आलं होतं, टोपी घालून, जीपने. त्याने आत हात घालून पाहिलं. काही लागलं नाही.

तेव्हा त्याने जे येत होतं ते केलं. श्वास अडकवला, खालचा ओठ किंचित सोडला, डोळ्यांत पाणी आणलं. “नाना,” तो म्हणाला आणि आवाज बरोबर त्या जागी फाटू दिला. पट्टीच्या आधीच्या काळात याच कामावर त्याला बक्षिसं मिळाली होती. नानांचा चेहरा उजळला. त्यांनी त्याचे दोन्ही हात धरले आणि ते मान हलवत राहिले.

इंद्रजितने तो चेहरा पाहिला. आपल्याला लाज वाटायला हवी, हे त्याला कळलं. वाटली नाही. पण वाटायला हवी होती एवढं पक्कं ठाऊक होतं, आणि तेवढ्याच आधारावर त्याने बोलायचं ठरवलं.

“नाना, मी आत्ता नाटक केलं.”

“आं?”

मग त्याने सगळं सांगितलं. पट्टी, घडी, सेफ्टीचा टेक. नानांनी जनावराच्या मालकाचं ऐकावं तसं मध्ये न बोलता ऐकून घेतलं.

“म्हंजी मला आलं, त्ये तुझ्याकडनं गेलं,” ते शेवटी म्हणाले.

“हो.”

“आईचं बी?”

“आईचं आधीच.”

“तू सोता लावून बघितलीस का पट्टी? तुझं तुला माघारी ईल.”

“बघितली. माझ्यावर चालत नाही आता. बाहेरून डिवचलं तरी तो तंतू उठत नाही.”

गांधीलमाशी एकदा नानांच्या टोपीवर बसून गेली. मग त्यांनी हाक मारली, “फिरोज, बाळा, घरला लावत्यात ती पट्टी हाय का हितं? मला लाव. आन त्यो पाण्यातल्या जनावराचा तुकडा लाव.”

फिरोजने इंद्रजितकडे पाहिलं. इंद्रजितने मान डोलावली. पट्टी बसली, नियंत्रण कक्षाच्या पडद्यावर प्रसंग सुरू झाला. नानांनी पडद्याकडे पाठ फिरवली आणि मुलाकडे तोंड केलं.

“बस,” ते म्हणाले. “मी सांगतो तुला कसं वाटतंय त्ये.”

मानसिंग खलाट्यांनी उभ्या आयुष्यात कुणाला असलं काही सांगितलं नव्हतं. त्यांना शब्दच नव्हते. ते चाचपडत बोलू लागले.

“आदी पोटात मोकळं व्हतंय. वैरणीचा भारा उतरला की पाठीला हुतं, तसं.” थोडा वेळ गेला. “आता छातीत. गरम. लई न्हाई, म्हशीच्या सडाला हात लावला की लागतं तेवढं.” त्यांचा श्वास वाढला. “आता हसू येतंय. दाबाया गेलं तर जास्त येतंय.” आणि ते खरंच हसले, त्यांचे सगळे दात दिसले, डोळ्यांतून पाणी गालावर आलं. मग हसू एकदम थांबलं. ते मुलाकडे टक लावून पाहू लागले.

“इंदर, तुला भ्या वाटायचं व्हय रं माझं?”

“वाटायचं,” इंद्रजित म्हणाला.

“त्ये गेलं बघ. आत्ता गेलं, ह्ये बघ हितनं.” नानांनी कंप पावणारा तळवा स्वतःच्या छातीवर ठेवला. “मला कदी कळलंच न्हाई रं.”

पडदा काळा झाला. प्रसंग संपला होता.

इंद्रजितला काही वाटलं नाही. बापाच्या गालावरचं पाणी त्याला दिसत होतं, ते का आलं हेही कळत होतं. आत सारं शांत होतं. पण पुढे काय होतं ते त्याला ऐकायचं होतं. त्याने बसायचा खोका नानांच्या खुर्चीजवळ ओढला.

“भीती गेल्यावर काय होतं नाना?”

“थांब,” नाना म्हणाले. “फिरोज, परत लाव.” त्यांनी डोळे मिटले आणि ते शब्द शोधू लागले.